सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम चालतो, एरर नाही, पण आउटपुटच येत नाही

खानापूर_बीसीए
नमस्कार सगळ्यांना. मी बीसीए करते, खानापूर तालुक्यातल्या गावातून रोज बेळगावला ये-जा असते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. कॉलेजच्या लॅबमध्ये माझे प्रोग्रॅम चालतात, घरच्या लॅपटॉपवर नाही. लॅपटॉप कुणाचातरी वापरलेला घेतलाय, विंडोज १० आहे. व्हीएस कोड टाकला, एमसिस२ मधून जीसीसी हा कंपायलर टाकला, बटण दाबून प्रोग्रॅम चालवणारं कोड रनर एक्स्टेन्शन पण टाकलं.

प्रोग्रॅम एकदम साधा आहे. एका स्ट्रिंगमध्ये गावाचं नाव ठेवायचं आणि सीआउटने छापायचं, बस्स. वरचं त्रिकोणी बटण दाबलं की खाली 'रनिंग' येतं आणि लगेच 'डन'. मधे काहीच नाही. कोडखाली लाल रेघ नाही, एररचं एक अक्षर नाही. शुक्रवारी इंटर्नल प्रॅक्टिकल आहे आणि घरी सराव करता येईना झालाय. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा.

अथणीकर
सगळं काढून टाक आणि परत इन्स्टॉल कर. तरी झालं नाही तर विंडोज फॉरमॅट मार. जुन्या लॅपटॉपला तेच औषध.

उद्यमबाग_सीएनसी
आम्ही डिप्लोमाला टर्बो सी वापरायचो. रन केलं की पडदा चमकायचा आणि परत एडिटर पुढ्यात. ऑल्ट धरून एफ५ दाबलं की आउटपुटचा पडदा दिसायचा. नाहीतर प्रोग्रॅमच्या शेवटी गेटसीएच लिहायचं, म्हणजे बटण दाबेपर्यंत तो थांबायचा. तसलंच काहीतरी असणार, बघ की.

चिकोडी_मास्तरीण
अथणीकर, फॉरमॅट मारायला सांगू नका हो. एमसिस२ आणि कंपायलर मिळून शेकडो एमबी उतरवावे लागतात. खानापूरच्या खेड्यात मोबाईलच्या नेटवर ते परत करायचं म्हणजे त्या पोरीचा दिवस जातो, आणि मूळ कारण विंडोजमध्ये नसेल तर दुखणं तसंच राहतं. आधी दुखतंय कुठे ते बघू.

काका, टर्बो सीबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी बरोबर. व्हीएस कोडमध्ये मात्र तो वेगळा पडदा नसतो. इथे एफ५ म्हणजे डिबगिंग सुरू.

बाळ, आता तू बघ. मी पीयू कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी पहिल्या महिन्यात हीच तक्रार ऐकते. खालच्या पट्टीत शेजारीशेजारी टॅब असतात: प्रॉब्लेम्स, आउटपुट, डिबग कन्सोल, टर्मिनल. मुलं एका टॅबकडे बघत बसतात आणि अक्षरं दुसऱ्याच टॅबमध्ये पडलेली असतात. कोड रनर न सांगता आउटपुट टॅबमध्ये छापतो. एफ५ ने चालवलं तर कुठे छापायचं ते लाँच डॉट जेसन ही सेटिंगची फाइल ठरवते. तिथे 'कन्सोल' या नावापुढे 'इंटर्नलकन्सोल' असेल तर डिबग कन्सोल, 'इंटिग्रेटेडटर्मिनल' असेल तर टर्मिनल. सी आणि सी प्लस प्लसच्या सेटिंगमध्ये 'एक्स्टर्नलकन्सोल' ट्रू असेल तर काळी खिडकी उघडते आणि प्रोग्रॅम संपला की निघून जाते. काकांच्या चमकणाऱ्या पडद्याचं हेच नवं रूप.

दुसरं, फाइल सेव्ह झालीय का? वर फाइलच्या नावाशेजारी फुलीऐवजी भरीव ठिपका दिसत असेल तर ती सेव्ह नाही. कंपायलर डिस्कवरची फाइल वाचतो, तुझ्या पडद्यावरची नाही. डिस्कवर रिकामा मेन (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो ते फंक्शन) असेल तर तो बिनतक्रार कंपाइल होतो आणि काहीही छापत नाही. फाइल मेनूत ऑटो सेव्ह चालू करून टाक, कायमची कटकट जाते.

हे दोन्ही नीट असेल तर मला एकच गोष्ट हवी. 'डन' च्या ओळीत पुढे जे काही लिहिलंय ते जसंच्या तसं इथे उतरव. 'कायतरी आकडा आहे' असं चालणार नाही, पूर्ण आकडा दे.

खानापूर_बीसीए
मॅडम, सगळं बघितलं. फाइल सेव्ह आहे, ठिपका नाही. चारही टॅब बघितले, कुठेच काही नाही. ती ओळ अशी आहे:

डन, एक्झिटेड विथ कोड=३२२१२२५७८५

आणि एक गोष्ट लक्षात आली. सी चे जुने प्रोग्रॅम इथेच नीट चालालेत. सी प्लस प्लसमध्ये नुसतं सीआउटने 'हॅलो' छापलं तर तेही येतं. स्ट्रिंग घेतली की गप्प.

निपाणी_ते_पुणे
शाब्बास, या दोन गोष्टींनी निम्मं काम झालं. मी निपाणीचा, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रकार नवीन मुलांना फार छळतो आणि वर्गात कुणी सांगत नाही.

प्रोग्रॅम संपताना ऑपरेटिंग सिस्टीमला एक आकडा देऊन जातो. सगळं सुरळीत झालं तर शून्य. मेनच्या शेवटी आपण 'रिटर्न ०' लिहितो तो हाच. तुझा आकडा शून्य नाही, म्हणजे प्रोग्रॅम सुरळीत संपलेला नाही. इतका मोठा आकडा तुझ्या कोडमधून आलेला नसतो, तो विंडोजने दिलेला असतो. ३२२१२२५७८५ चा अर्थ, प्रोग्रॅमला लागणारं एक फंक्शन डीएलएल फाइलमध्ये (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात ती तयार फंक्शनांची फाइल) सापडलं नाही. पॉवरशेलमध्ये (विंडोजमध्ये कमांड टाइप करायची जागा) हाच आकडा -१०७३७४१५११ असा उणे दिसतो. दोन्ही एकच.

तेव्हा तुझा मेन सुरूच झालेला नाही. विंडोज प्रोग्रॅम उचलायला गेलं, त्याला लागणारी डीएलएल जोडायला गेलं, तिथेच अडलं आणि परत फिरलं. पहिल्या ओळीच्याही आधीची गोष्ट आहे ही. कोडमध्ये कितीही शोधलंस तरी चूक सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच.

मग एरर का दिसत नाही? एक्सप्लोररमध्ये जाऊन त्या ईएक्सई फाइलवर डबल क्लिक कर. 'एंट्री पॉइंट' सापडला नाही अशी खिडकी येईल. एडिटरमधून चालवलं की ती खिडकी उठत नाही, सगळं मुकाट्याने होतं.

आता शोधूया. टर्मिनल उघड आणि दे (मी देवनागरीत लिहितोय, तू इंग्रजी अक्षरांत टाक):

व्हेअर.ईएक्सई लिबएसटीडीसी++-६.डीएलएल

'.ईएक्सई' सोडू नकोस. पॉवरशेलमध्ये नुसतं 'व्हेअर' लिहिलं की वेगळीच कमांड चालते आणि ती इथे काहीच छापत नाही. एक भुताटकी शोधायला जाऊन दुसरी मागे लागायची.

खानापूर_बीसीए
दादा, दोन ओळी आल्या. पहिली प्रोग्रॅम फाइल्समधल्या कुठल्यातरी सॉफ्टवेअरच्या बिन फोल्डरची. ते मी टाकलेलं नाही, आधीच्या मालकाचं असेल. दुसरी सी:\एमसिस६४\यूसीआरटी६४\बिन मधली. आणि डबल क्लिक केल्यावर तुम्ही म्हणालात तशी खिडकी आली!

निपाणी_ते_पुणे
सापडलं. लिबएसटीडीसी++ ही सी प्लस प्लसची स्टँडर्ड लायब्ररी. तुझ्या लॅपटॉपवर ती दोन ठिकाणी आहे, एक जुनी आणि एक नवी. कंपाइल करताना नवा जीसीसी वापरला गेला, कारण त्या जुन्या फोल्डरमध्ये कंपायलर नाहीच, नुसती डीएलएल आहे. चालवताना मात्र विंडोज डीएलएल शोधतं ते ठरलेल्या क्रमाने: आधी ईएक्सई ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे, मग विंडोजचे स्वतःचे फोल्डर, चालू फोल्डर, आणि शेवटी पाथमध्ये (कुठल्या फोल्डरांत शोधायचं याची विंडोजची यादी) लिहिलेले फोल्डर वरून खाली. पाथमध्ये जुनी आधी सापडली, तीच उचलली. नुसत्या 'हॅलो'ला जे लागतं ते जुन्या डीएलएलमध्येही आहे, म्हणून तो छापतो. स्ट्रिंगला लागणारं नाही, म्हणून गप्प. सी ला ही लायब्ररी लागतच नाही, म्हणून सी चे प्रोग्रॅम ठणठणीत.

तू एमसिसचा फोल्डर 'युजर व्हेरिएबल्स'च्या पाथमध्ये टाकला असशील. व्हिडिओवाले तसंच दाखवतात. पण विंडोज आधी सिस्टीमचा पाथ घेतं आणि युजरचा त्याच्या मागे जोडतं. त्यामुळे तिथे कितीही वर चढवलंस तरी सिस्टीमच्या पाथमधला फोल्डर पुढेच राहतो.

करायचं ते असं. स्टार्टमध्ये 'एन्व्हायर्नमेंट' शोध, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघड, खालच्या 'सिस्टीम व्हेरिएबल्स'मध्ये पाथ निवडून एडिट दाब. एमसिसचा तो बिन फोल्डर नवीन ओळ म्हणून टाक आणि 'मूव्ह अप' करत सगळ्यात वर ने. जुन्या सॉफ्टवेअरची ओळ काढू नकोस, घरात दुसरं कुणी ते वापरत असेल. मग व्हीएस कोड पूर्ण बंद करून परत उघड. उघडा असलेला टर्मिनल जुनाच पाथ धरून बसलेला असतो, आणि 'केलं तरी काही झालं नाही' म्हणणारे बरेच जण इथे अडकतात.

उद्यमबाग_सीएनसी
बरं समजावलंस मर्दा. पण पोरीला कॉलेजच्या पीसीवर असंच झालं तर? तिथं सिस्टीमच्या पाथला हात लावायला पासवर्ड मागतंय.

निपाणी_ते_पुणे
काका, चांगला प्रश्न. तिथे कंपाइल करतानाच लायब्ररी ईएक्सईमध्ये भरून घ्यायची. टर्मिनलमध्ये जी++ च्या ओळीच्या शेवटी '-स्टॅटिक' जोडायचं. फाइल बरीच मोठी होते, पण मग ती या डीएलएलवर अवलंबून राहत नाही. सरावाच्या प्रोग्रॅमला काही फरक पडत नाही.

चिकोडी_मास्तरीण
इथे एक गोष्ट मला मनापासून सांगायचीय. या मुलीने पहिल्या पोस्टमध्ये तो आकडा दिला नव्हता. त्यात तिचा दोष नाही. मराठी माध्यमातून आलेली मुलं लॅबमध्ये बसतात तेव्हा पडद्यावरचं सगळं इंग्रजी, समजावणं अर्धं कन्नड अर्धं इंग्रजी, आणि वेळ अपुरा. खालच्या पट्टीत काय आलंय ते वाचायचं असतं हे त्यांना कुणी बसून दाखवलेलं नसतं. बटण कुठलं दाबायचं ते दाखवतात, पुढे काय वाचायचं ते दाखवत नाहीत. माझ्या वर्गात मी पहिल्याच तासाला मुद्दाम शून्य सोडून दुसरा आकडा रिटर्न करायला लावते आणि मग विचारते, हा आकडा कुठे दिसतोय ते शोधा. पॉवरशेलमध्ये प्रोग्रॅम चालवल्यावर डॉलरचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'लास्टएक्झिटकोड' लिहायचं, सीएमडीमध्ये 'एको' आणि दोन टक्केचिन्हांत 'एररलेव्हल', लिनक्सवर 'एको', डॉलर आणि प्रश्नचिन्ह. एकदा तो आकडा स्वतः पाठवला आणि स्वतः पाहिला की मुलं त्याला विसरत नाहीत.

ज्यांचा आकडा वेगळा येतो त्यांच्यासाठी: -१०७३७४१५१५ म्हणजे डीएलएल अजिबातच सापडली नाही. -१०७३७४१७०१ म्हणजे सहसा ३२ बिट आणि ६४ बिटची गल्लत. -१०७३७४१८१९ आला तर मात्र प्रोग्रॅम सुरू होऊन मधे पडलाय. नको त्या मेमरीला हात लागलाय, ॲरे आणि पॉइंटर तपासा. आणि शून्य आला तर प्रोग्रॅम नीट संपलाय. मग छापणाऱ्या ओळीपर्यंत तो पोचतो का, फंक्शन लिहिलंय पण मेनमधून बोलावलंच नाही का, ते बघा.

खानापूर_बीसीए
आलं!!! आउटपुट टॅबमध्ये 'खानापूर' दिसलं. दादा, मॅडम, काका, सगळ्यांचे खूप खूप आभार.

पण आता पुढचा प्रश्न. नाव सीइनने घ्यायचा प्रोग्रॅम लिहिला तर आउटपुट टॅबमध्ये टाइपच करता येईना. 'रनिंग' वर अडकून बसतो.

चिकोडी_मास्तरीण
आउटपुट टॅब फक्त दाखवतो, घेत नाही. सेटिंग्जमध्ये 'कोड रनर' शोध आणि 'रन इन टर्मिनल' ला टिक कर. आता अडकलेला प्रोग्रॅम आधी बंद कर, आउटपुट टॅबवर राइट क्लिक करून 'स्टॉप कोड रन'. नाहीतर तो मागे चालू राहतो, आणि ईएक्सई चालू असताना पुढचं कंपाइल त्या फाइलवर लिहू शकत नाही.

संकेश्वर_डेअरी
धाग्यात मधेच शिरतो, पण माझंही असंच आउटपुट गायब आहे म्हणून इथेच विचारतो. गावच्या दूध डेअरीत वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलाय. पायथॉनचा छोटा प्रोग्रॅम काट्यावरचं वजन वाचतो आणि प्रिंट करतो. टर्मिनलवर ओळ न् ओळ लगेच दिसते. पण तेच आउटपुट फाइलमध्ये जावं म्हणून कमांडच्या शेवटी मोठ्याचं चिन्ह आणि फाइलचं नाव दिलं, तर फाइल कितीतरी वेळ रिकामीच. मग एकदम ढीगभर ओळी येतात. परवा मधेच लाइट गेली आणि सकाळच्या शेवटच्या बऱ्याच नोंदी फाइलमध्ये आल्याच नाहीत. लोकांना वही बघून पैसे द्यावे लागले.

निपाणी_ते_पुणे
याचं कारण बफर. प्रोग्रॅम छापतो ते थेट बाहेर जात नाही, आधी मेमरीत साठतं. बाहेर टर्मिनल असेल तर ओळ संपली की ते पुढे ढकललं जातं. बाहेर फाइल किंवा पाइप असेल तर काही हजार अक्षरं जमेपर्यंत आतच राहतं. तुमच्याकडे कॅन भरल्याशिवाय टेम्पो हलत नाही, तसंच. प्रोग्रॅम नीट संपला तर उरलेलं बाहेर पडतं. लाइट गेली तर मेमरीतलं गेलं.

तुमच्या प्रिंटमध्ये कंसात शेवटी 'फ्लश=ट्रू' जोडा. किंवा प्रोग्रॅमला हात लावायचा नसेल तर 'पायथॉन -यू' असं चालवा. एवढ्याने ओळ लगेच फाइलकडे जाते.

तरी डेअरीच्या हिशेबाचं काम प्रिंटवर ठेवू नका. त्यात लोकांचे पैसे आहेत. लाइट कधीही जाईल असं धरून चला. पायथॉनमध्येच फाइल उघडा, प्रत्येक नोंद लिहिली की फ्लश आणि त्यानंतर ओएस.एफसिंक करा. नुसत्या फ्लशने ओळ प्रोग्रॅममधून निघून ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाते, डिस्कवर उतरलेली असेलच असं नाही. एफसिंक तिला डिस्कवर उतरवायला लावतं. आणि जमलं तर त्या कॉम्प्युटरला छोटा यूपीएस लावा.

सी वाल्यांनाही हे लागू आहे. प्रिंटएफमध्ये शेवटी नवीन ओळीचं चिन्ह नाही आणि पुढे प्रोग्रॅम लूपमध्ये अडकला किंवा पडला, तर आधी छापलेलंही दिसत नाही. मग आपण म्हणतो 'पहिलीच ओळ चालली नाही', आणि ती चाललेली असते. शोधाशोध करताना प्रिंटएफनंतर एफफ्लश, कंसात एसटीडीआउट, असं लिहायचं. किंवा तपासणीच्या ओळी एसटीडीएररवर छापायच्या, ते असं साठवून ठेवत नाही. विंडोजवर तर ओळ संपली तरी पाइपमधून बाहेर येईल याची खात्री नसते, त्यामुळे तिथे एफफ्लश सोडू नका.

संकेश्वर_डेअरी
'-यू' लावून बघितलं, ओळी लगेच फाइलमध्ये यायला लागल्या. एफसिंकचं आज रात्री बसून करतो. फार मोठं काम केलंत.

खानापूर_बीसीए
परत मीच. टर्मिनलमध्ये चालवायला लागल्यापासून टाइप करता येतंय. पण 'खानापूर' च्या जागी काहीतरी भलतीच चिन्हं येतात, ग्रीक अक्षरं आणि चौकोनी रेघा. आउटपुट टॅबमध्ये तर नीट दिसत होतं.

निपाणी_ते_पुणे
व्हीएस कोड फाइल यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहायची एक पद्धत) सेव्ह करतो. त्यात देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइटचं असतं. 'खानापूर' मध्ये ख, काना, न, काना, प, दीर्घ उकार, र अशी ७ चिन्हं, म्हणजे २१ बाइट. त्या स्ट्रिंगची लेंग्थ विचार, ७ नाही, २१ सांगेल. आउटपुट टॅब ते यूटीएफ-८ म्हणून वाचतो. विंडोजचा टर्मिनल जुन्या कोडपेजने, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याने, वाचतो आणि प्रत्येक बाइटचं वेगळं चिन्ह दाखवतो. प्रोग्रॅम चालवायच्या आधी टर्मिनलमध्ये 'सीएचसीपी ६५००१' दे, म्हणजे तोही यूटीएफ-८ वाचेल.

खानापूर_बीसीए
दिलं. लेंग्थ खरंच २१ आली! नाव दिसतंय, पण उकार जरा बाजूला सरकलाय.

चिकोडी_मास्तरीण
तो सरकणारच. टर्मिनल प्रत्येक अक्षराला ठरावीक रुंदीचं घर देतो आणि आपले काने-मात्रे त्या घरांत नीट बसत नाहीत. तुझा प्रोग्रॅम बरोबर आहे. मराठी छापणं चालेल, पण विंडोज १० वर सीइनने देवनागरी घ्यायला जाऊ नकोस, ६५००१ करूनही ते नीट येत नाही. शुक्रवारी नाव इंग्रजी अक्षरांत घे. आणि लॅबमध्ये बसलीस की पहिला प्रोग्रॅम चालवायच्या आधी तिथलं रन इन टर्मिनल चालू आहे का बघून ठेव, सीइनचा प्रश्न आला तर ऐनवेळी अडायला नको.

उद्यमबाग_सीएनसी
पोरी, शुक्रवारी झाल्यावर कळव गं. माझा पुतण्या पण यंदा बीसीएला आलाय, त्याला हा धागा पाठवालोय.